पोर्ट्रेट मोडचा आजोबा : जगातली पहिली फास्ट लेन्स बनवणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती फक्त २ हजार गुल्डन आले

मोबाईल घेताना कॅमेऱ्याच्या माहितीत एफ १.८, एफ २.२ असे आकडे दिसतात. दुकानदार सांगतो, आकडा जेवढा लहान तेवढा रात्रीचा फोटो भारी. ते खरंच आहे. पण या आकड्याची शर्यत मोबाईलवाल्यांनी सुरू केलेली नाही. ती सुरू झाली १८४० साली, व्हिएन्ना शहरात. आणि सुरू करणारा माणूस ना फोटोग्राफर होता, ना काच घासणारा कारागीर. तो विद्यापीठात गणित शिकवणारा प्राध्यापक होता.

नाव योझेफ पेट्झवाल.

आज महागड्या कॅमेऱ्यावर पितळी लेन्स लावून काढलेले फोटो इन्स्टाग्रामवर फिरतात. मधे चेहरा एकदम स्पष्ट आणि मागची झाडं त्या चेहऱ्याभोवती भोवऱ्यासारखी फिरतायत असं वाटणारे. त्या लेन्सला आजही पेट्झवालच म्हणतात. गंमत अशी की लोक ज्या भोवऱ्यासाठी पैसे मोजतात, तो पेट्झवालच्या हिशेबाने लेन्सचा दोष होता. दोष का येतो याचं गणितही त्यानेच मांडलं होतं. तो घालवायला लागणारी काच मात्र तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती.

पेट्झवालचा जन्म ६ जानेवारी १८०७ चा. गाव स्पिश्स्का बेला. तेव्हा ते हंगेरीच्या राज्यात होतं, आज स्लोव्हाकियात आहे. त्यामुळे हा माणूस नक्की कुणाचा, यावर स्लोव्हाक आणि हंगेरियन लोकांची ओढाताण आजही चालते. त्याचे वडील शाळेत शिकवायचे आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. घरी पैसा बेताचाच.

त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. पोरगं बाकी विषयांत बरं होतं, पण गणितात कच्चं. घरच्यांनी ठरवलं, याला चांभाराच्या हाताखाली ठेवू. मग एका सुट्टीत त्याच्या हाती गणिताचं एक पुस्तक लागलं, त्याने ते एकट्याने वाचून काढलं आणि सगळं चित्रच पालटलं. गोष्ट खरी किती आणि नंतर रंगवलेली किती हा भाग वेगळा, पण पुढे काय झालं ते नोंदीत आहे. पेस्ट शहरात तो इंजिनिअर झाला. १८२८ मध्ये पदवी मिळाली, मग शहराच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. डॅन्यूब नदीचा पूर, बंधारे, सांडपाण्याचे नाले अशी कामं. १८३५ मध्ये तो तिथेच प्राध्यापक झाला आणि १८३७ मध्ये त्याला व्हिएन्ना विद्यापीठात गणिताची खुर्ची मिळाली. वय तीस.

इथून दोन वर्षांत त्याचा फोटोग्राफीशी संबंध आला. तो कसा आला हे कळायला आधी पॅरिसला जावं लागेल.

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जगासमोर जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्यावर आयोडीनची वाफ, मग कॅमेरा, मग पाऱ्याची वाफ. अख्खं युरोप वेडं झालं. पण एक मोठी अडचण होती. या पत्र्याला प्रकाश भरपूर लागायचा आणि कॅमेऱ्याला बसवलेली लेन्स प्रकाश आत सोडायची थेंबाथेंबाने. पॅरिसच्या शार्ल शव्हालिएची ती लेन्स एफ १५ च्या आसपासची होती. इमारतीचा, डोंगराचा फोटो निघायचा, कारण इमारत हलत नाही. माणसाचा फोटो काढायचा तर त्याला भर उन्हात कित्येक मिनिटं डोळेसुद्धा न मिचकावता बसवावं लागायचं. लोकांना तर स्वतःचा चेहराच हवा होता. थोडक्यात काय, फोटोग्राफी आली होती, पण फोटो स्टुडिओचा धंदा लेन्सपाशी अडून पडला होता.

पॅरिसमध्ये ही पद्धत पाहणाऱ्यांत व्हिएन्नाचा एक प्राध्यापक होता, आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन. तो परत आल्यावर त्याने आपल्या सहकाऱ्याला, म्हणजे पेट्झवालला गाठलं आणि लेन्सचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला.

आता एफचा हा आकडा म्हणजे काय ते एकदा बघून घेऊ, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. लेन्सची फोकल लेंथ भागिले तिच्या तोंडाचा व्यास, म्हणजे एफ नंबर. दीडशे मिलिमीटर फोकल लेंथ असेल आणि एफ १५ हवा असेल, तर तोंड फक्त दहा मिलिमीटरचं. एफ ३.६ हवा असेल तर तोंड जवळपास बेचाळीस मिलिमीटरचं. व्यास चौपट झाला की क्षेत्रफळ सोळा पट होतं आणि प्रकाशही सोळा-सतरा पट आत येतो. वीस मिनिटांचं काम एका मिनिटावर येतं.

मग तोंड मोठं का करत नव्हते? कारण साधी लेन्स मोठी उघडली की चित्राचा चिखल होतो. कडेने आलेली किरणं एका जागी मिळतात, मधून आलेली दुसऱ्या जागी. निळा रंग पुढे, लाल मागे. शव्हालिएने तोंड बारीक ठेवलं होतं ते याच दोषांना लपवायला. दुर्बिणीच्या लेन्स मोठ्या असायच्या, पण त्यांना आकाशाचा इवलासा तुकडा बघायचा असतो. चेहऱ्याला तेवढ्याने भागत नाही.

तेव्हाचे लेन्स बनवणारे लोक अंदाजाने काम करायचे. काच घासायची, बघायची, पुन्हा घासायची. पेट्झवालने उलटा रस्ता धरला. आधी कागदावर प्रत्येक किरण कुठून येतो, कुठल्या पृष्ठभागावर किती वळतो, कुठे पोचतो याचा हिशेब करायचा आणि काच शेवटी घासायची. ऐकायला सोपं वाटतं. पण कॅल्क्युलेटर नव्हता. लॉगॅरिदमची कोष्टकं होती आणि दौत-टाक होता.

तेव्हा मदतीला आलं ऑस्ट्रियाचं लष्कर. सम्राटाच्या घराण्यातला आर्चड्यूक लुडविग तोफखान्याचा प्रमुख होता. त्याने तोफखान्यातली दहा-अकरा माणसं पेट्झवालच्या दिमतीला दिली. तोफखान्यातली का? कारण तोफगोळा कुठे पडेल याचा हिशेब करायची सवय असलेली, आकडेमोडीत पक्की असलेली माणसं तिथेच सापडायची. कोष्टकं पाठ असलेले हे गोलंदाज महिनोन्महिने प्रकाशाच्या किरणांची आकडेमोड करत बसले. जगातल्या पहिल्या फास्ट लेन्सचा कॉम्प्युटर म्हणजे ही पलटण.

१८४० च्या मे महिन्यापर्यंत हिशेब तयार झाला. एक नाही, दोन लेन्सचा. एक चेहऱ्यांसाठी, मोठ्या तोंडाची. दुसरी निसर्गचित्रांसाठी, कमी प्रकाशाची पण जास्त रुंद चित्र देणारी. ही दुसरी लेन्स लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून महाभारत झालं.

चेहऱ्यांसाठीच्या लेन्सची रचना अशी. पुढे दोन भिंगं एकमेकांना चिकटवलेली, दुर्बिणीत असतात तशी. मागे आणखी दोन भिंगं, पण त्यांच्यात मुद्दाम हवेची फट ठेवलेली. ही फटच महत्त्वाची. चिकटवलेल्या भिंगांचे समोरासमोरचे पृष्ठभाग एकाच गोलाईचे असावे लागतात. फट ठेवली की दोन्ही पृष्ठभागांना हवी ती गोलाई देता येते, म्हणजे पुढच्या जोडीने केलेल्या चुका मागच्या जोडीकडून दुरुस्त करून घेता येतात. एकूण चार भिंगं, एफ ३.६. चित्राचा मधला भाग असा धारदार की तेव्हाच्या माणसाने तसं काही पाहिलंच नव्हतं.

हिशेब पेट्झवालचा, पण काच कोण घासणार? व्हिएन्नात १७५६ पासून चालत आलेलं फोग्टलेंडर नावाचं घराणं होतं. तेव्हाचा मालक पीटर विल्हेल्म फ्रीडरिष फोग्टलेंडर हा स्वतः उत्तम कारागीर होता. त्याने पेट्झवालला काचांची मोजमापं पुरवली, लेन्स बनवली आणि १८४१ मध्ये तिच्यासाठी पितळेचा एक अजब कॅमेरा बाजारात आणला. हा कॅमेरा म्हणजे निमुळती नळी, दुर्बीण म्हणून खपून जाईल अशी. पत्रा चौकोनी नव्हे तर गोल, त्यामुळे फोटोही गोल.

गोल का, याचं उत्तर लेन्समध्ये आहे. पेट्झवालच्या लेन्सचा मधला भाग जितका सुंदर, तितके कोपरे बिघडलेले. कोपरेच नसलेला फोटो दिला की तक्रार कमी.

किंमत काय ठरली? फोग्टलेंडरने पेट्झवालला एकदाच २ हजार गुल्डन दिले. विकलेल्या लेन्समागे अमुक टक्के असं काही नाही. फोग्टलेंडरची बाजूही समजून घेतली पाहिजे. ही लेन्स किती खपेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं आणि हिशेबातून वस्तू उभी करण्यात त्याचं कसब लागलं होतंच. पण लेन्स तुफान चालली. पत्र्याला ब्रोमीन-क्लोरीन लावून जास्त संवेदनशील करायची युक्तीही त्याच सुमारास निघाली आणि दोन्ही मिळून चेहऱ्याचा फोटो मिनिटाच्या आत निघू लागला. युरोप-अमेरिकेत गल्लोगल्ली स्टुडिओ उघडले. हजारो लेन्स गेल्या. प्राध्यापकाकडे त्यातलं काही फिरकलं नाही.

मानाचंही तसंच झालं. पॅरिसच्या एका संस्थेने चांगल्या लेन्ससाठी बक्षीस ठेवलं होतं. वरचं पदक शव्हालिएला मिळालं, जो दुरुस्त केलेली जुनी जुळवाजुळव घेऊन आला होता. व्हिएन्नाच्या लेन्सला रौप्य. बाजाराने मात्र निकाल उलटा लावला.

लेन्सची रचना तीच राहिली तरी पुढच्या वर्षांत तिच्यात बारीक बदल होत गेले. त्यातला एक फार मजेशीर आहे. सुरुवातीच्या लेन्समध्ये डोळ्याला दिसणारा फोकस आणि पत्र्यावर उमटणारा फोकस एका जागी नसायचा. माणसाचा डोळा मुख्यतः पिवळ्या-हिरव्या प्रकाशाने बघतो आणि तो पत्रा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला दाद द्यायचा. म्हणजे फोटोग्राफरने काचेवर बघून नाकी-डोळी स्पष्ट फोकस केला, तरी पत्र्यावर चेहरा धूसर. मग अनुभवी लोक फोकस करून झाल्यावर लेन्स अंदाजाने थोडी सरकवायचे. नंतरच्या लेन्समध्ये दोन्ही फोकस एका जागी आणले गेले आणि ही कसरत संपली. जुन्या लेन्सचे शौकीन आजही लेन्स आधीची की नंतरची हे बघताना ही गोष्ट तपासतात.

इकडे प्राध्यापक आणि कारखानदार यांचं बिनसलं होतं. १८४५ पर्यंत दोघांचे संबंध तुटले. १८४८ मध्ये व्हिएन्नात क्रांतीचा भडका उडाला आणि १८४९ मध्ये फोग्टलेंडरने जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात कारखाना काढला. ऑस्ट्रियाबाहेर या रचनेला कुठलंही संरक्षण नव्हतं. फोग्टलेंडर ती तिथे बनवू शकत होता आणि दुसरा कुणीही बनवू शकत होता. बनवलीच. फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत जो तो ही लेन्स घासू लागला. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने १८६४ च्या सुमारास काढलेले ते धूसर कडांचे, जिवंत डोळ्यांचे चेहरे फ्रान्सच्या जामँ नावाच्या कारागिराच्या लेन्सने काढलेले आहेत. तीही पेट्झवालचीच नक्कल होती.

आता ती दुसरी लेन्स. १८४० मध्येच हिशेब झालेली, पण कपाटात पडून राहिलेली. १८५० च्या दशकात फोटोग्राफीला इमारती, नकाशे, देखावे यांसाठी चांगल्या लेन्सची गरज भासू लागली, तेव्हा पेट्झवालने ती बाहेर काढली. या वेळी फोग्टलेंडर नको म्हणून कार्ल डिट्सलर नावाच्या व्हिएन्नातल्याच कारागिराला हाताशी धरलं. नवी लेन्स बाजारात आली. आणि लगेच फोग्टलेंडरने ऑर्थोस्कोप नावाची आपली लेन्स आणली. तीच रचना. त्याचं म्हणणं, हा हिशेब तर मला १८४० मध्येच दिला होता. पेट्झवालचं म्हणणं, तू माझं काम चोरलंस. फोटोग्राफीच्या मासिकांतून दोघांनी एकमेकांचे वाभाडे काढले.

ऑर्थोस्कोप म्हणजे सरळ दाखवणारी. प्रत्यक्षात ही लेन्स चौकटीच्या सरळ रेषा आतल्या बाजूला वाकवायची. नावावर जाऊ नये ते असं. हळू असल्यामुळे आणि या वाकडेपणामुळे ती लेन्स फार टिकली नाही. डिट्सलरचा धंदा १८६२ मध्ये बुडाला. फोग्टलेंडरला १८६६ मध्ये सम्राटाने उमराव केलं आणि त्याच्या नावामागे फॉन लागलं.

१८५९ मध्ये पेट्झवालच्या घरी चोरी झाली. प्रकाशशास्त्रावरचं त्याचं हस्तलिखित, वर्षानुवर्षांचं काम, त्यात गेलं. १८४३ मध्ये त्याने एक छोटा अहवाल छापला होता आणि सविस्तर ग्रंथ मागाहून येईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. तो ग्रंथ कधीच आला नाही. पेट्झवालने लेन्सचा विषय सोडून दिला.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बिचारा प्राध्यापक, सगळ्यांनी लुबाडला. पण हा माणूस नुसता बिचारा नव्हता. तो घोड्यावरून फिरायचा, शहराबाहेर कालेनबर्ग टेकडीवरच्या जुन्या मठात राहायचा आणि तलवारबाजीत व्हिएन्नात त्याचा हात धरणारे थोडे होते म्हणतात. वादातही तो तसाच. समोरचा माणूस आडवा होईपर्यंत थांबायचं नाही.

त्याच्या तडाख्यात सापडला क्रिस्टियान डॉप्लर. हो, तोच डॉप्लर. अँब्युलन्स जवळ येताना सायरनचा आवाज चढा वाटतो आणि पुढे गेल्यावर उतरतो, तो परिणाम ज्याच्या नावाने ओळखतात, सोनोग्राफीत रक्ताचा वेग मोजायला जो वापरतात, तो. डॉप्लरने १८४२ मध्ये प्रागमध्ये हा सिद्धांत एका छोट्या लेखात मांडला. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये धावत्या रेल्वेवर तुतारीवाले बसवून त्याचा प्रयोगही झाला आणि आवाज खरंच बदलतो हे कानाने ऐकून झालं. तरी १८५२ मध्ये पेट्झवालने व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत उभं राहून डॉप्लरवर हल्ला चढवला. त्याचा मुद्दा असा की निसर्गाचा मोठा नियम असा चार ओळींच्या बीजगणितातून निघत नसतो, त्याला डिफरन्शियल इक्वेशन लागतात आणि त्या समीकरणांप्रमाणे कंपनाचा काळ बदलू शकत नाही.

समीकरण बरोबर होतं. लावलं चुकीच्या जागी होतं. आवाज देणारा आणि ऐकणारा दोघं एका जागी उभे आहेत आणि मधली हवा वाहते आहे, तर स्वर बदलत नाही, हे पेट्झवालने सिद्ध केलं. डॉप्लर बोलत होता ते आवाज देणारा किंवा ऐकणारा स्वतः हलत असतो तेव्हाचं. दोन वेगळ्या गोष्टी. पण अकादमीत वजन पेट्झवालचं होतं. डॉप्लर तेव्हा आजारी होता. त्याच वर्षाच्या शेवटी तो हवापालटासाठी व्हेनिसला गेला आणि मार्च १८५३ मध्ये तिथेच वारला. वय एकोणपन्नास. ज्याला आयुष्यभर आपल्या कामाचं श्रेय मिळालं नाही याची खंत होती, त्यानेच दुसऱ्याच्या कामाचं श्रेय नाकारलं. पेट्झवालच्या चरित्रातलं हे पान झाकून पुढे जाता येत नाही.

१८६९ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, त्याने घर सांभाळणाऱ्या बाईशी लग्न केलं. चार वर्षांत ती वारली. १८७७ मध्ये तो निवृत्त झाला आणि लोकांत मिसळायचं त्याने जवळपास बंद केलं.

तो घरात बसून होता तेव्हा बाहेर त्याची लेन्स नवे अवतार घेत होती. १८६६ मध्ये लंडनच्या जॉन हेन्री डालमायरने मागच्या जोडीतल्या दोन भिंगांचा क्रम उलटा केला, मागचं पुढे आणि पुढचं मागे. वरून बघितलं तर एवढाच फरक. पण डालमायरने सगळ्यात मागचं भिंग फिरवून सैल करायची सोयही दिली. पूर्ण आवळलं की चित्र धारदार. थोडं सैल केलं की चेहऱ्यावर हलकी मऊ धूसरता. सुरकुत्या पुसल्या जायच्या, वांग दिसायचं नाही. आजच्या ब्यूटी फिल्टरचं काम १८६६ मध्ये पितळेचा एक आटा करत होता. जुन्या फोग्टलेंडरमध्ये हे शक्य नव्हतं, त्यामुळे पोर्ट्रेट काढणाऱ्यांत डालमायरची लेन्स जोरात चालली.

दुसरा बदल खगोलवाल्यांकडून आला. स्कॉटलंडचा खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ याने १८७० च्या दशकात पेट्झवालच्या लेन्समागे, अगदी फोटोच्या काचेला लागून, एक अंतर्गोल भिंग बसवायची कल्पना काढली. त्याने कोपरेही स्पष्ट येऊ लागले.

हे भिंग नक्की काय करतं, हे कळलं की पेट्झवालच्या लेन्सचं सगळं गुपित कळतं. लेन्सला सपाट भिंतीचं चित्र काढायला सांगा. आपली अपेक्षा असते की चित्र सपाट पत्र्यावर पडेल. पण साधी लेन्स ते चित्र वाटीच्या आतल्या बाजूसारख्या वक्र पृष्ठभागावर पाडते. पत्रा मात्र सपाट. मधे फोकस जुळवला की कडा फोकसबाहेर. कडा जुळवल्या की मधलं गेलं. ही वाटी किती खोल, ते कशावर ठरतं हे पेट्झवालने शोधलं. प्रत्येक भिंगाची ताकद घ्या, तिला त्या काचेच्या वक्रीभवनांकाने भागा आणि सगळ्यांची बेरीज करा. बहिर्गोल भिंगं अधिक, अंतर्गोल उणे. बेरीज शून्य आली की चित्र सपाट. भिंगं एकमेकांपासून जवळ ठेवा की लांब, या बेरजेला फरक पडत नाही. आजही जगातला प्रत्येक लेन्स डिझायनर हे गणित करतो आणि त्याचं नाव पेट्झवाल बेरीज असंच आहे.

त्याच्या स्वतःच्या पोर्ट्रेट लेन्समध्ये ही बेरीज शून्य नव्हती. पुढची जोडी बहिर्गोल, मागची जोडीही बहिर्गोल, मग बेरीज अधिकच येणार. त्याने वेग घेतला आणि सपाटपणा सोडला. चेहऱ्याच्या फोटोत कोपऱ्यात असतं काय? पडदा, खुर्चीची पाठ, अंधार. धूसर झालं तर बिघडलं कुठे? हा सौदा शहाणपणाचा होता. स्मिथचं भिंग हेच करतं, बेरजेत एक मोठी उणे रक्कम टाकून तिला शून्याकडे आणतं. फोटोच्या काचेला चिकटून असल्यामुळे बाकी चित्राला धक्का लागत नाही.

वेग आणि सपाटपणा दोन्ही एकत्र हवा तर वेगळ्या जातीची काच लागते, जी प्रकाश जास्त वळवेल पण रंग जास्त फाकवणार नाही. अशी काच १८८० च्या दशकात जर्मनीच्या येना शहरात अ‍ॅबे आणि शॉट यांनी तयार केली. तिच्या जोरावर त्साइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फने १८९० मध्ये अशी लेन्स आणली की जिचं चित्र कडेपर्यंत सपाट आणि स्पष्ट. पेट्झवाल तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता. पुढच्या वर्षी, १७ सप्टेंबर १८९१ रोजी, तो व्हिएन्नात वारला.

नव्या लेन्स आल्या म्हणून जुनी बाद झाली नाही, तिने जागा बदलली. सिनेमाच्या प्रोजेक्टरला काय लागतं? पडदा लांब, कोन अरुंद, प्रकाश भरपूर. पेट्झवालचं सगळं बळ नेमकं इथेच. विसाव्या शतकात प्रोजेक्टरच्या असंख्य लेन्स याच जातीच्या बनल्या, एफ २ आणि त्याहूनही फास्ट. टॉकीजमध्ये बसून कधी पडद्याच्या मधे हिरोचं तोंड स्पष्ट आणि कोपऱ्यातली अक्षरं जरा पुसट दिसली असतील, तर बऱ्याचदा कारण ही वाटी असायची.

मग आलं २०१३. लोमोग्राफी नावाच्या कंपनीने, जिचं मुख्यालय योगायोगाने व्हिएन्नातच आहे, किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. काय बनवणार? पेट्झवालची लेन्स, आजच्या कॅनन-निकॉन कॅमेऱ्यांना बसणारी. लेन्स रशियाच्या झेनिट कारखान्यात बनणार होती. तेरा लाख डॉलरहून जास्त जमले.

ही नवी लेन्स ८५ मिलिमीटर, एफ २.२. जुनीशी तुलना केली तर तिचं अंग पितळेचंच आहे, फोकस करायला बाजूला तसाच गोल स्क्रू आहे. प्रकाश कमी-जास्त करायला रिंग नाही, भोक पाडलेल्या पत्र्याच्या चकत्या फटीत घालायच्या, जशी पद्धत १८५८ मध्ये जॉन वॉटरहाउसने काढली होती. म्हणजे एफ २.२ वरून एफ ४ वर जायचं तर खिशातून चकती काढा. लग्नाच्या गडबडीत हे प्रकरण जड जातं, आणि चकती पडली तर मांडवात शोधत बसा. पण फरक सगळ्यात मोठा आहे तो हेतूमध्ये. १८४० च्या लेन्सला बेताच्या आकाराचा पत्रा द्यायचे, म्हणजे तिचा चांगला मधला भागच फोटोत येईल. नव्या लेन्समध्ये बिघडलेल्या कडा मुद्दाम फोटोत आणल्या आहेत.

भोवरा तयार होतो तो त्या कडांमध्ये. मागच्या झाडांतून झिरपणारा उजेडाचा प्रत्येक ठिपका फोकसबाहेर गोल दिसायला हवा. पण कडेला पोचेपर्यंत लेन्सच्या लांब नळीची कड त्या गोलाला एका बाजूने कापते आणि गोलाची मांजराच्या डोळ्यासारखी फोड होते. अशा शेकडो फोडी, सगळ्या मध्याभोवती कललेल्या. त्यात वाटीसारखं वक्र चित्र भर घालतं. आपला डोळा त्यातून फिरणारं वर्तुळ बघतो. पाठीमागे साधी भिंत असेल तर हा परिणाम दिसत नाही. उन्हातलं झाड, पानं, दिव्यांच्या माळा असं काहीतरी लागतं आणि चेहरा बरोबर मधे ठेवावा लागतो. बाजूला ठेवला तर चेहराच भोवऱ्यात जातो.

याच कंपनीने नंतर ५८ मिलिमीटर, एफ १.९ अशी पुढची लेन्स आणली. तिच्यात एक जास्तीची रिंग आहे, १ ते ७ आकड्यांची. १ वर ठेवलं तर भोवरा नावापुरता, ७ वर ठेवलं तर मागची अख्खी बाग गरगरते. डालमायरच्या सैल होणाऱ्या भिंगाचीच ही पुढची पायरी म्हणायची, फक्त तिथे धूसरता कमी-जास्त व्हायची आणि इथे भोवरा होतो.

स्पिश्स्का बेलामध्ये, पेट्झवाल जिथे जन्मला त्या घरात, आज फोटोग्राफीच्या तंत्राचं संग्रहालय आहे. चंद्रावर एका विवरालाही त्याचं नाव दिलंय, पण ते पृथ्वीवरून दिसत नाही. ते चंद्राच्या मागच्या बाजूला आहे. जुन्या बाजारात १८४० नंतरच्या त्या पितळी पोर्ट्रेट लेन्स अजूनही विकायला येतात. त्यांच्या नळीवर सुबक अक्षरांत फोग्टलेंडरचं नाव कोरलेलं असतं, सोबत व्हिएन्ना किंवा ब्राउनश्वाइग. प्राध्यापकाच्या नावाने विकली जाते ती २०१३ नंतरची लेन्स.